पत्र्याखालचें दंव

आभाळ निरभ्र, चांदणें स्वच्छ, आणि घरांत मात्र पाऊस, हा चमत्कार ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या पत्र्याच्या घरीं मुक्कामास जावें आणि पहाटे चारच्या सुमारास जागें असावें. पांघरुणावर प्रथम एक थेंब पडतो, मग दुसरा. घरची गृहिणी निमूटपणें उठते, मुलांचीं अंथरुणें भिंतीकडे सरकविते, धान्याच्या पोत्यांवर जुनें लुगडें टाकते. दुसऱ्या दिवशीं घरधनी डांबराचा डबा घेऊन वर चढतो आणि खिळ्याखिळ्याभोंवतीं डांबर लावतो. त्या रात्रीं पुन्हां तेंच! बिचारें डांबर तरी काय करील? जें पाणी वरून आलेंच नाहीं तें वरून अडवावयाचें कसें?

आमच्याकडे याला ‘पत्र्याला घाम सुटला’ असें म्हणतात. शब्द बोलका आहे, पण थोडा फसवा आहे. घाम अंगांतून येतो; हें पाणी पत्र्याच्या अंगचें नसून घरांतल्या हवेंतलें असतें. श्रावणांत बर्फाचें पाणी भरलेला पेला मेजावर ठेवला कीं त्याच्या बाहेरच्या अंगास थेंब धरतात. आम्ही शाळेंत शिकवीत असतां हा प्रयोग दाखविला म्हणजे दरवर्षीं एखादा मुलगा ‘पेला झिरपतो’ असें छातीठोकपणें सांगे. डांबर घेऊन पत्र्यावर चढणारा गृहस्थ तेंच म्हणत असतो.

गळती कोणती आणि दंव कोणतें, याची परीक्षा सोपी आहे. गळती पावसांत होते आणि ठराविक जागीं होते. दंव कोरड्या, निवांत, निरभ्र रात्रीं धरतें आणि सबंध पाख्यावर धरतें. पहाटे पत्र्यास आंतून तळहात लावून पाहावा; सगळीकडे ओल लागली तर डांबराचा डबा खुशाल परत करावा. एक गोष्ट मात्र लोकांस हटकून चकविते. छपरास उतार असला म्हणजे हें पाणी पत्र्याच्या पोटाशीं चिकटून खालीं ओघळत जातें, आणि जेथें आडवा अँगल किंवा वासा लागतो तेथें अडून ठिबकतें. खिळेहि नेमके त्याच रांगेंत असतात. त्यामुळें थेंबांची रांग पाहून खिळ्यांवर आळ येतो.

आतां वाचक म्हणतील, चार थेंबांचें एवढें काय कौतुक? त्याचें कारण सांगावयाचें तर आमच्या जिल्ह्यांत पत्रा कसा आला तें सांगितलें पाहिजे.

इकडचें जुनें घर म्हणजे माळवदाचें. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आंत लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यांत गार, हिवाळ्यांत ऊबदार; वर कुरडया-पापड वाळवावे, रात्रीं गप्पा माराव्या, मृगापूर्वीं नवी माती टाकून चोपून घ्यावी कीं वर्षाची काळजी मिटली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बाळपण मराठवाड्यांतील वाड्यांत गेलें असेल त्यांस त्या गारव्याची आठवण अजून सुखाची वाटत असेल. पण तिचें वजन? दीड फूट माती धरली तर एका चौरस फुटावर साठ-सत्तर किलो भार होतो. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीच्या माथ्यावर सहा-सात टन! तेवढ्याच खोलीवरचा पत्रा पन्नास किलोंच्या आंतबाहेर भरतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. त्याचा केंद्रबिंदु लातूर जिल्ह्यांतील किल्लारीजवळ होता, आमच्या जिल्ह्यांत (त्या वेळीं त्याचें नांव उस्मानाबाद होतें, २०२३ सालीं शासनानें धाराशिव हें नांव केलें) सास्तूर आणि आसपासच्या गांवांवर मोठा घाला पडला. आठ ते दहा हजार माणसें गेलीं. धक्का जगांतील थोर भूकंपांच्या मानानें मध्यम होता. माणसें मारलीं तीं भिंतींनीं आणि मातीनें. भिंतीच्या दोन पदरांस जोडणारे आरपार दगड नसत. मधल्या पोकळींत चिपा आणि माती भरलेली. धक्क्यासरशीं पदर सुटले, भिंती पोटांतून फुगून कोसळल्या, आणि वरची शेंकडों मण माती निजलेल्या माणसांवर आली. पुढें ५२ गांवांचें नव्यानें पुनर्वसन झालें. पण मधला हिवाळा कित्येक कुटुंबांनीं पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढला. ज्यानें तो काळ पाहिला त्याला माथ्यावर जड छप्पर नको वाटतें, यांत नवल नाहीं. पक्कें घर मिळाल्यावरहि शेजारीं पत्र्याचें खोपट घालून तेथेंच निजणारीं वृद्ध माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांस पत्रा म्हणजे अभयच.

त्या पहाटेस आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. जी पिढी त्यानंतर जन्मली तिला पत्र्याचा उन्हाळा, पत्र्याचा आवाज आणि पत्र्याचें ठिबकणें एवढेंच ठाऊक. ‘यापेक्षां आजोबांचें माळवद बरें होतें’ असें ती म्हणूं लागली आहे; आणि याहून वाईट म्हणजे, त्याच जुन्या दगडमातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतण्याचे बेत आमच्या कानांवर येतात. एक चौरस फूट स्लॅबहि तीस-पस्तीस किलोंपेक्षां कमी भरत नाहीं. चार थेंबांच्या कंटाळ्यानें पुन्हां तेंच ओझें त्याच भिंतींवर चढविणें म्हणजे सर्दीवर उपाय म्हणून नाक कापण्यासारखें आहे. छप्पर हलकेंच असूं द्यावें. तें ठिबकूं नये याची तजवीज करतां येते. ती कशी, तें आतां पाहूं.

दंव आकाशांतून पडतें अशी समजूत फार जुनी आहे. आपण अजून ‘दंव पडलें’ असेंच म्हणतों. अमरकोशांत अवश्याय, नीहार, तुषार हीं नांवें हिमाबरोबर एकत्रच आलीं आहेत. लंडनमधील विल्यम चार्ल्स वेल्स नांवाच्या एका वैद्यानें या समजुतीचा निकाल लावला. लोकरीचे सारख्या वजनाचे झुपके करून ते तो रात्रीं बागेंत निरनिराळ्या जागीं ठेवी आणि सकाळीं तोलून पाही. एका उंचावर ठेवलेल्या फळीच्या वर एक झुपका आणि खालीं एक; वरच्यांत दंव पुष्कळ, खालच्यांत थोडें. १८१४ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचें तात्पर्य असें कीं, रात्रीं प्रत्येक वस्तु आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडीत असते. जी वस्तु अशी सोडतां सोडतां भोंवतालच्या हवेहून पुरेशी गार होते तिच्यावर हवेंतली वाफ पाणी होऊन बसते.

हेंच पत्र्याला लावून पाहावें. माळवदाच्या पोटांत दिवसाची उष्णता सांठलेली असते. रात्रभर आकाशाला दिली तरी संपत नाहीं. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्यापाशीं शिल्लक अशी कांहींच नाहीं. सूर्य मावळला कीं तो घटकाभरांत गार होतो आणि निरभ्र रात्रीं बाहेरच्या हवेपेक्षांहि कांहीं अंश खालीं उतरतो. आमचा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा; हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. डिसेंबर-जानेवारींत कांहीं रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं येतो, तेव्हां पत्र्याची काय गत असेल तें सांगणें नको. ढगाळ रात्रीं पत्रा कमी ठिबकतो, आणि लिंबाच्या झाडाखालचा पत्रा उघड्यावरच्या पत्र्यापेक्षां कमी ठिबकतो. झाड त्याला आकाशापासून झांकतें, वेल्सची फळी झांकी तशी. नवा चकचकीत जस्ती पत्रा उष्णता जरा जपून सोडतो. रंगीत किंवा जुना मळका पत्रा सढळ हातानें सोडतो. हौसेनें निळा-तांबडा रंगीत पत्रा घातलेल्या घरांत ठिबकणें वाढलें, अशी तक्रार ऐकूं येते तिचें एक कारण हें असावें.

माळवदाचा दुसराहि एक गुण होता. कच्ची माती ओल पिते. घरांत वाफ झाली तर ती रात्रीं भिंती आणि छप्पर शोषून घेत आणि दिवसां हळूहळू सोडून देत. पत्रा थेंबभरहि पीत नाहीं. आला तो थेंब त्यानें परत दिलाच म्हणून समजावें.

आतां ही वाफ येते कोठून? येथें थोडा हिशेब करूं. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीं दोन मिनिटें धीर धरावा. माणूस निजला असतां श्वासावाटे आणि त्वचेवाटे ताशीं सुमारें चाळीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें सोडतो. पांच माणसें आठ तास निजलीं तर दीड लिटरांहून अधिक पाणी झालें. दहा फूट बाय बारा फूट, नऊ फूट उंच अशा खोलींत हवा मावते सुमारें तीस घनमीटर. वीस अंश उष्णतेच्या एका घनमीटर हवेंत फार तर सतरा ग्रॅम वाफ राहूं शकते. म्हणजे सबंध खोली तुडुंब भरली तरी अर्धा लिटर. हवा दहा अंशांवर आली कीं घनमीटरांत साडेनऊ ग्रॅमसुद्धां मावत नाहींत. मग उरलेल्या लिटरभर पाण्यानें जावें कोठें? दारें-खिडक्या घट्ट लावलेल्या, फटींत चिंध्यांचे बोळे कोंबलेले. तें सर्वांत गार जागा शोधतें, आणि ती जागा म्हणजे डोक्यावरचा पत्रा.

यांत स्वयंपाकाची वाफ धरलीच नाहीं. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, गॅस जळतो तेव्हां त्यांतूनहि पाणी तयार होतें. एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलो पाण्याची वाफ होते. चौदा किलोंच्या एका सिलिंडरांतून वीस लिटरांहून अधिक! लांकडांतूनहि होतेच. पण चूल होती तेव्हां धूर डोळ्यांस झोंबे, म्हणून घर बांधणारा माळवदाला भोंक ठेवी, भिंतीच्या माथ्याशीं झरोका ठेवी. धुराबरोबर वाफहि तेथून जाई, आणि कोणास तिचा पत्ताहि नसे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गांवोगांव गॅस पोहोंचला. बायकांच्या डोळ्यांचें पाणी थांबलें, याहून चांगली गोष्ट दुसरी नाहीं. मात्र धूर गेला तसा ‘आतां भोंक कशाला?’ म्हणून तें भोंकहि बुजलें. वाफ दिसत नाहीं, झोंबत नाहीं; म्हणून तिच्या वाटेचा कोणी विचार केला नाहीं. आमच्या मतें पत्र्याखालच्या दंवाचें निम्में कारण या बुजलेल्या भोंकांत आहे.

संस्कृतांत खिडकीस ‘वातायन’ म्हणतात. वाताचें अयन, म्हणजे वाऱ्याची जाण्यायेण्याची वाट. उजेडाचा त्या नांवांत उल्लेखहि नाहीं. आपण कांच लावून घेतली आणि वातायनाचें प्रकाशायन करून टाकलें.

घरगुती ओलीनें होणारें नुकसान डोळ्यांपुढें चटकन येत नाहीं. ज्यांस तें ठसठशीत पाहावयाचें असेल त्यांनीं भूम तालुक्याकडे जावें. कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध आहे. त्या बाजूस खव्याच्या भट्ट्या गांवोगांव आहेत. शंभर लिटर म्हशीच्या दुधाचा खवा वीस-बावीस किलोंच्या आसपास उतरतो. बाकीचें पाऊणशें लिटरांहून अधिक पाणी सकाळच्या दोन-चार तासांत त्या भट्टीच्या छपराखालीं वाफ होऊन उठतें. थंडीच्या दिवसांत पत्रा गार, वर निघण्यास वाट अपुरी. मग पत्र्यावरून गंज धुऊन आणणारा तांबूस थेंब कढईकडे निघतो. ज्या भट्टीवाल्यांनीं आढ्याशीं पत्रा उचलून हातभर रुंद वाट ठेवली आहे त्यांच्याकडे वाफेचा लोट सरळ वर जातो. ज्यांनीं ठेवली नाहीं ते कढईवर आडवा पत्रा धरून काम करतात. तेथें वाऱ्यानें फिरणारे गोल पंखेहि, जे कारखान्यांच्या छपरांवर दिसतात, उपयोगी पडतील. वीज लागत नाहीं.

दुसरें नुकसान धान्याचें. आतां आमच्या जिल्ह्यांत सोयाबीनचें पीक मोठें. दसरा-दिवाळीस मळणी होते आणि भाव चढेल या आशेनें पोतीं पौष-माघापर्यंत घरांत थप्पी लावून ठेवतात; बहुधा पत्र्याखालींच. हमीभावाच्या खरेदींत ओलाव्याची मर्यादा शेंकडा बाराची. २०२४ सालीं ती पंधरापर्यंत शिथिल करावी लागली होती. वरच्या थराचीं पोतीं रोज पहाटे भिजत राहिलीं तर दाण्यास बुरशी धरते, काळा डाग पडतो, आणि बाजारांत माप हातीं घेण्यापूर्वीं व्यापारी पोत्यांत हात घालून मान हलवितो. चार महिने थांबून मिळवावयाचा भाव चार थेंबांनीं नेला! ज्वारीच्या कणगीची गोष्ट तीच. आणि आमच्या वाचकांच्या घरीं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत जुन्या पोथ्या आणि पुस्तकांच्या पेट्या ठेवण्याची चाल पडली आहे, त्यांनीं या हिवाळ्यांत एकदां पेटी उघडून वास घेऊन पाहावा. अधिक सांगत नाहीं.

बर्फाच्या देशांत हा प्रश्न आपल्याहून कितीतरी बिकट आहे, आणि म्हणून त्यांनीं त्याचा विचारहि अधिक केला आहे. कॅनडासारख्या देशांत घर आंतून वीस-बावीस अंश ऊबदार आणि बाहेर उणे वीस. घरांतली वाफ छताच्या फटींतून वरच्या पोकळींत गेली कीं छपराच्या पोटाशीं तिचा बर्फ होतो. सबंध महिना सांठतो, आणि एखाद्या उन्हाच्या दिवशीं एकदम वितळून घरांत उतरतो. तेथें गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांस पहिल्या हिवाळ्यांत हें छप्पर ‘फुटलें’ असेंच वाटावें. तेथील उपाय दुहेरी आहे. खालचें छत असें सांधावयाचें कीं घरांतली वाफ वर जाऊंच नये. आणि वरच्या पोकळीस वळचणीशीं व आढ्याशीं भोंकें ठेवून बाहेरची हवा खेळवावयाची. ती हवा फार थंड असल्यामुळें फार कोरडी असते. उणे दहा अंशांवर घनमीटरांत दोन-सव्वादोन ग्रॅमच वाफ मावते. अशी हवा पोकळींतून फिरली कीं ओल पुसून नेते. अमेरिकेंत गृहकर्जांस हमी देणाऱ्या सरकारी खात्यानें १९४२ सालीं नियम घातला कीं, पोकळीचें जेवढें क्षेत्रफळ त्याच्या तीनशेंव्या भागाइतकी मोकळी भोंकें असावींत. तीनशें चौरस फुटांस एक चौरस फूट.

आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाहीं. आपल्या पत्र्याच्या घरास बहुधा खालचें छत नसतें. माणसें त्या पोकळींतच राहतात. तेव्हां तीनशें चौरस फुटांच्या घरास निदान दोन चौरस फूट वाट ठेवावी, निम्मी वर आणि निम्मी खालीं, असें आम्ही म्हणूं. ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. वीस फूट लांबीच्या आढ्यावर झांकण म्हणून जो दुमडलेला पत्रा असतो तो एक इंच उचलून बसविला कीं नुसत्या त्या फटीनें दीड चौरस फुटांहून अधिक वाट झाली. जाळी लावल्यावर ती थोडी कमी भरेल, तरी पुरे. एकपाखी छपरास आढें नसतें; तेथें उंच बाजूच्या भिंतीचा माथा आणि पत्रा यांमध्यें फट ठेवावी. खालच्या वळचणीस पन्हळीच्या पत्र्याखालीं ज्या नैसर्गिक फटी राहतात त्या सिमेंटनें किंवा चिंध्यांनीं बुजवूं नयेत. बारीक जाळी मारावी, म्हणजे उंदीर, चिमणी आणि साप यांची भीति राहणार नाहीं. ऊबदार ओली हवा हलकी असते. वर वाट मिळाली कीं ती आपण होऊन जाते, आणि तिची जागा घेण्यास खालून कोरडी येते. वर नुसती वाट असून खालीं नसेल तर काम अर्धेंच होतें.

‘मग थंडी नाहीं का वाजणार?’ हा प्रश्न प्रत्येक घरांतील आजी विचारतील, आणि तो रास्त आहे. फट डोक्याच्या कितीतरी वर असते. अंथरुणापाशीं झोत येत नाहीं. घर थोडें गार होईल हें खरें. त्यास एक गोधडी अधिक घ्यावी. ओल्या गोधडीपेक्षां गार खोली बरी, खोकला असणाऱ्यास तर नक्कीच. मात्र ऊब आणण्यासाठीं कोळशाची शेगडी आंत घेऊन दारें लावून निजूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस ना रंग ना वास. अशा निजेंतून उठणें होत नाहीं.

वाटा ठेवूनहि कांहीं रात्रीं पत्रा ठिबकेल, हें आधींच सांगितलेलें बरें. चारी बाजूंनीं उघड्या गोठ्याचा पत्राहि पहाटे ओला होतो, कारण बाहेरचीच हवा दमट असते. बर्फाच्या देशांतल्या हवेइतकी कोरडी हवा आपल्या पहाटेस नाहीं. पाऊस लांबलेल्या वर्षी, किंवा शेजारीं उंसाला पाणी दिलेलें असेल त्या रात्रीं, वारा खेळवूनहि सगळा थेंब सुटणार नाहीं. त्यासाठीं पत्र्याखालीं अस्तर लागतें. बांबूच्या तट्ट्या पत्र्यापासून चार बोटें खालीं बांधाव्या आणि मधली पोकळी वळचणीपासून आढ्यापर्यंत मोकळी ठेवावी. तट्ट्या थोडी ओल पितात, चुकार थेंब झेलतात, दिवसां वाळतात. शिवाय चैत्र-वैशाखांत डोक्यावरची भट्टी शांत करतात तें निराळेंच. तुराट्या, कडबा, पाचट यांचें अस्तर फुकट पडतें, पण विजेच्या तारा आणि गॅस असलेल्या घरांत आम्ही तें सुचविणार नाहीं. पत्र्यास खालून थर्मोकोल चिकटविण्याची पद्धत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तो आग धरतो. आणि सांधे उघडे राहिले तर वाफ त्याच्या मागें जाऊन पत्र्यास आंतून कुजविते, दिसत मात्र नाहीं. हल्लीं पोटाशीं लोकरीसारखा थर बसवूनच काढलेले पत्रे मिळतात. तो थर रात्रीं थेंब धरून ठेवतो आणि दिवसां वाऱ्यानें सुकतो. नवें छप्पर घालणाऱ्यांनीं त्यांची चौकशी करावी. पण तेथेंहि सुकावयास वारा लागतोच.

कांहीं गोष्टी तर पैशावांचून होतात. आंघोळीचें पाणी आंत उकळत ठेवूं नये. ओले कपडे रात्रीं घरांत वाळत घालूं नयेत. स्वयंपाक होतांच अर्धा तास दोन्ही दारें उघडीं टाकावीं. धान्याची थप्पी अँगलच्या रांगेखालीं लावूं नये. थेंब तेथेंच पडतो हें वर आलेंच आहे. पोत्यांवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळून ठेवतात तेंहि चुकीचें, कारण धान्याची स्वतःची ओल आंतच कोंडते. कागद वरून थेंब झेलण्यापुरता, हातभर उंच, ताणून बांधावा.

हें काम करावयाचें तें पाऊस संपल्यावर आणि थंडी पडण्यापूर्वीं, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत. पत्रे उचकटलेच आहेत तर नुसते खिळे काढून आंकड्याचे बोल्ट आणि रबरी चकत्या घालाव्या. भोंक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावें, खोलग्यांत पाडूं नये, कारण पावसाचें पाणी खोलग्यांतून वाहतें. आढ्याचें झांकण उचललें म्हणून तें सैल ठेवूं नये. वळवाच्या वावटळींत आमच्याकडे पत्रे पानांसारखे उडतात, आणि उडालेला पत्रा कोयत्यासारखा लागतो. छपरावर दाबण म्हणून ठेवलेले दगड मात्र त्याच दिवशीं खालीं उतरवून ठेवावे; बोल्ट आल्यावर त्यांचें वर कांहीं काम उरत नाहीं.